हिरवी खूण होती, पोच नव्हती: एका अपलोड प्रोग्रॅमचं प्रकरण

"सर, इकडे हिरवी खूण आलीय आणि वरचे म्हणतात कागद नाहीच."

या फोनपासून प्रकरण सुरू झालं. त्याआधीही असे फोन आले असणार, पण 'इंटरनेट गेलं असेल' म्हणून ते मिटवले गेले. या वेळी समोरच्याने पडद्याचा फोटो पाठवला, त्यामुळे टाळता येईना. यादीत फाइलचं नाव, वेळ आणि त्यापुढे ठसठशीत हिरवी खूण. सर्व्हरवर त्या नावाचं काहीच नव्हतं.

आधी मांडणी सांगतो. विखुरलेल्या शाखांमध्ये प्रत्येकी एका विंडोज संगणकावर आमचा छोटा प्रोग्रॅम चालायचा. स्कॅनर ज्या फोल्डरमध्ये पीडीएफ टाकतो त्या फोल्डरवर तो नजर ठेवायचा, नवी फाइल दिसली की वेब सेवेकडे पाठवायचा आणि यादीत खूण करायचा. खूण झालेली मूळ फाइल ३० दिवसांनी पुसली जायची, म्हणजे डिस्क भरू नये. हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा. सेवेच्या बाजूला दारात इंजिनएक्स (बाहेरून आलेली विनंती घेऊन मागे देणारा सर्व्हर) आणि त्यामागे आयआयएसवर, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या वेब सर्व्हरवर, चालणारी एएसपी डॉट नेटची वेब एपीआय, म्हणजे फाइली घेणारा आमचा कोड. फाइल बेस६४मध्ये (बाइट साध्या अक्षरांत लिहिण्याची पद्धत) बदलून जेसनच्या (माहिती मजकुराच्या रूपात पाठवण्याचा साचा) एका खान्यात घातली जायची. असं का? बाकीची माहिती जेसनमधूनच जात होती, मग फाइलही त्याच टोपलीत. चाचणीसाठी वापरलेले कागद दोन-तीन पानांचे होते, त्यामुळे कुणाला काही खटकलं नाही.

हिरवा रंग कुठून आला

क्लायंटचा, म्हणजे शाखेतल्या प्रोग्रॅमचा, कोड उघडल्यावर पाच मिनिटांत पहिलं उत्तर मिळालं. डॉट नेटच्या एचटीटीपी क्लायंटला (विनंत्या पाठवणारा तयार घटक) 'पोस्ट' करायला, म्हणजे माहिती पाठवायला, सांगितलं आणि सर्व्हरकडून ४०४, ४१३ किंवा ५०० असा नकाराचा क्रमांक आला, तरी तो स्वतःहून अपवाद (कोडला थांबवणारी चुकीची सूचना) फेकत नाही. त्याच्या दृष्टीने विनंती गेली, उत्तर आलं, काम संपलं. उत्तर नकाराचं आहे की होकाराचं, हे आपण विचारायचं असतं. आमच्या कोडमध्ये मात्र तर्क एवढाच होता: अपवाद आला तर लाल, नाहीतर हिरवा. म्हणजे सर्व्हरने स्पष्ट शब्दांत 'घेत नाही' म्हटलं तरी आम्ही 'मिळालं' असं समजत होतो. पोस्टमन पत्र परत घेऊन आला आणि आपण त्याची चाहूल लागली म्हणून पत्र पोचलं असं नोंदवलं, तसा हा प्रकार.

उत्तराचा क्रमांक तपासणारी एक ओळ घातली. दुसऱ्या दिवशी अर्ध्या शाखांच्या याद्या लालेलाल. तक्रारींचा पूर आला आणि 'तुमच्या नव्या आवृत्तीने सगळं बिघडवलं' हे ऐकून घ्यावं लागलं. बिघडलेलं आधीपासून होतं, आता दिसायला लागलं होतं एवढंच. पण हे फोनवर पटवून देणं अवघड असतं.

तीन भिंती, तीन मापं

लाल झालेल्या फाइली मोठ्या होत्या, एवढं चटकन दिसलं. किती मोठ्या, यावर मात्र एकमत होईना. एकेक मर्यादा वाढवत गेलो तशा लॉगमध्ये तीन निरनिराळ्या चुका दिसल्या आणि आमच्यातल्या तिघांनी तीन निरनिराळी निदानं केली. गंमत म्हणजे तिघेही बरोबर होते.

पहिली भिंत इंजिनएक्सची. त्याच्या मूळ मांडणीत विनंतीचा ऐवज १ एमबीपेक्षा मोठा असेल तर तो ४१३ ('ऐवज फार मोठा') देऊन परत पाठवतो. इथे बेस६४चा हिशोब आठवायला हवा: दर ३ बाइटांची ४ अक्षरं होतात, म्हणजे ओझं एक तृतीयांशाने वाढतं. त्यामुळे १ एमबीच्या दारातून प्रत्यक्षात ७६८ केबीची फाइलही जेमतेम जाते. शिवाय काही शाखांच्या लॉगमध्ये ४१३ दिसतच नव्हतं. 'जोडणी अनपेक्षितपणे बंद झाली' एवढंच होतं. सर्व्हर नकार देऊन दार लावतो तेव्हा क्लायंट अजून सामान आत ढकलतच असतो, आणि त्या धांदलीत नकाराचा कागद वाचायचा राहून जातो. म्हणून एकच दोष दोन शाखांत दोन चेहऱ्यांनी दिसत होता.

मर्यादा वाढवली. दुसरी भिंत लागली: एएसपी डॉट नेटची ४०९६ केबी. बेस६४ वजा जाता ३ एमबीची फाइल. तीही वाढवली. तिसरी भिंत आयआयएसच्या विनंती-गाळणीची, ३,००,००,००० बाइटांची. म्हणजे साधारण साडेएकवीस एमबीची फाइल. ही भिंत सर्वांत खोडसाळ. ती ओलांडली तर ४१३ मिळत नाही, ४०४ मिळतो. 'पत्ता सापडला नाही.' आमचा एक सहकारी अख्खा दिवस राउटिंगचा, म्हणजे कुठला पत्ता कुणाकडे जातो हे ठरवणारा, कोड चाळत बसला, कारण ४०४ म्हणजे पत्ता चुकला हे त्याला शिकवलेलं. खरा मजकूर आयआयएसच्या लॉगमध्ये, उप-क्रमांकाच्या रकान्यात होता: ४०४.१३. तो तेरा क्लायंटपर्यंत पोचत नाही. तेव्हापासून मी कुठल्याही अपलोडच्या ४०४वर आधी फाइलचा आकार विचारतो, मग पत्ता.

आणि इथे आम्ही स्वतःच्या हाताने एक अपघात घडवला. एएसपी डॉट नेटची मर्यादा किलोबाइटमध्ये लिहायची असते, आयआयएसची बाइटमध्ये. ५० एमबी हवे म्हणून कुणीतरी दोन्हीकडे ५१२०० लिहिलं. पहिल्या जागी ते ५० एमबी झालं. दुसऱ्या जागी ५० केबी. त्या दुपारी एक पानी पत्रसुद्धा आत जाईना. घाईघाईने दुरुस्त करताना दुसऱ्याने दोन्हीकडे ५,२४,२८,८०० लिहिलं. आयआयएसचं बरोबर झालं आणि एएसपी डॉट नेटची मर्यादा कागदोपत्री ५० जीबीवर गेली. ते कित्येक दिवस तसंच होतं, कारण सैल मर्यादेची तक्रार कुणी करत नाही. (ज्यांनी मायक्रोसॉफ्टच्या जुन्या डब्ल्यूसीएफ पद्धतीच्या वेब सेवांवर काम केलं आहे त्यांना ६५,५३६ बाइटांची मूळ मर्यादा आठवून इथे हसू येईल. आमच्याकडे ती नव्हती, एवढंच आमचं नशीब.)

कुणी रद्द केलं?

भिंती आणखी सैल केल्या तरी ४० एमबीच्या आसपासच्या फाइली काही शाखांतून जाईनात. चूक म्हणून आलेला मजकूर होता: 'काम रद्द करण्यात आलं.' कुणी केलं? शाखेतल्या बाईंनी शपथेवर सांगितलं की त्यांनी कुठलंही बटण दाबलेलं नाही. खरं तर आमच्या प्रोग्रॅमला रद्द करायचं बटणच नव्हतं.

सुरुवात आणि चूक यांच्या वेळांची वजाबाकी केली आणि प्रत्येक वेळी १०० सेकंद आले. इतका गोल आकडा दिसला की समजावं, कुणीतरी तो लिहून ठेवला आहे. डॉट नेटच्या एचटीटीपी क्लायंटची मूळ मुदत १०० सेकंदांची असते, आणि ती संपली की तो 'मुदत संपली' असं सरळ न सांगता काम रद्द झाल्याचा अपवाद देतो. त्या शाखांची वर जाणारी गती सेकंदाला ४ मेगाबिट, म्हणजे अर्धा एमबी. ४० एमबीची फाइल जशीच्या तशी गेली असती तर ८० सेकंद लागले असते. बेस६४मुळे ती ५३ एमबीची झाली आणि १०७ सेकंदांवर गेली. सात सेकंदांनी गाडी चुकत होती, आणि ते सात सेकंद आमच्याच सोयीच्या टोपलीचे होते.

मुदत १५ मिनिटं केली. तेवढ्याने भागलं नाही, दोष फक्त दुसरीकडे सरकला. मधेच तार तुटलेली जोडणी आता पाव तास मेल्यासारखी पडून राहायची आणि रांगेतल्या बाकीच्या फाइली तिच्यामागे खोळंबायच्या. शिवाय स्मृती, म्हणजे मेमरी. डॉट नेटमध्ये अक्षरमालिकेचं प्रत्येक अक्षर २ बाइट घेतं. ४० एमबीची फाइल आधी तशीच स्मृतीत, मग बेस६४ची मालिका सुमारे १०७ एमबी, मग ती घातलेली जेसनची मालिका आणखी १०७ एमबी, मग पाठवण्यासाठी यूटीएफ-८ (अक्षरं बाइटांत लिहिण्याची पद्धत) बाइट ५३ एमबी. एका फाइलला तीनशे एमबीहून जास्त. आमचा प्रोग्रॅम ३२ बिटांचा, त्याला वावरायला मूळ २ जीबीची जागा, आणि एवढे मोठे तुकडे सलग जागा मागतात. तीन फाइली एकदम निघाल्या की प्रोग्रॅम आडवा. शाखेतल्या मंडळींनी यावर स्वतःच उपाय शोधला होता: 'एका वेळी एकच कागद स्कॅन करा.' तो चिठ्ठीवर लिहून स्कॅनरला चिकटवलेला होता, हे आम्हाला फार नंतर कळलं.

बेस६४ काढलं. फाइल प्रवाहाने, जशी डिस्कवरून वाचली जाते तशी जोडणीत ओतायची. नाव, तारीख वगैरे वेगळ्या छोट्या विनंतीत. स्मृतीचा प्रश्न त्याच दिवशी संपला. हे पहिल्या दिवशी का केलं नाही, असं विचाराल तर उत्तर देणं अवघड आहे.

एका कागदाच्या तीन नोंदी

आता उलट तक्रार आली. कागद वर दिसतोय, पण तीनदा.

हे या प्रकरणातलं मला सर्वांत महत्त्वाचं वाटणारं वळण. इंजिनएक्स मूळ मांडणीत विनंतीचा सगळा ऐवज आधी स्वतःकडे गोळा करतो आणि मगच मागच्या सेवेला देतो. क्लायंटच्या पट्टीवर १०० टक्के दिसतं तेव्हा फाइल फक्त दारापर्यंत आलेली असते. मागची सेवा त्यानंतर ती घेणार, व्हायरस तपासणार, पानं मोजणार, डेटाबेसमध्ये नोंद करणार आणि मग 'ठीक' म्हणणार. मोठ्या फाइलला हे सारं मिनिटाच्या वर जायचं. इंजिनएक्स मागच्या सेवेच्या उत्तराची मूळ मांडणीत ६० सेकंद वाट बघतो. तेवढ्यात काही आलं नाही की क्लायंटला ५०४ देऊन मोकळा होतो. मागची सेवा मात्र आपलं काम पूर्ण करते. नोंद होते. 'ठीक' म्हणायला ती वळते तेव्हा ऐकायला कुणी उरलेलं नसतं.

क्लायंटला दिसलं ५०४. नव्या कोडप्रमाणे त्याने तीन प्रयत्न केले. तिन्ही वेळा फाइल पोचली, तिन्ही वेळा पोच हरवली. वर तीन नोंदी, खाली लाल खूण. पहिल्या फोनच्या बरोबर उलटं चित्र: तेव्हा खूण होती आणि फाइल नव्हती, आता फाइल तीनदा होती आणि खूण नव्हती.

आमच्या बैठकीत 'मुदत ६०ची ३०० करू' हा प्रस्ताव अर्थातच आला. मी त्याच्या विरोधात होतो, अजूनही आहे. मुदत कितीही वाढवली तरी काम संपणं आणि उत्तर पोचणं यांच्यामध्ये तार तुटायला जागा राहतेच. त्या फटीत अडकलेल्या क्लायंटला झालं की नाही हे कळायला एकच मार्ग आहे: पुन्हा विचारणं. आणि पुन्हा विचारल्याने दुसरी नोंद होणार नाही, ही जबाबदारी सर्व्हरने घ्यायला हवी. एचटीटीपीच्या नियमांत 'पोस्ट' ही हमी देत नाही. 'पुट' देतो, म्हणजे तीच विनंती दहा वेळा केली तरी परिणाम एकदा केल्यासारखाच असायला हवा. आम्ही प्रत्येक फाइलला क्लायंटवरच, पाठवण्याआधी, एक अनन्य ओळख द्यायला लागलो. ती ओळख क्लायंटच्या डिस्कवर लिहून ठेवायची, म्हणजे संगणक बंद होऊन सुरू झाला तरी ओळख तीच राहते. सर्व्हरने त्या ओळखीची फाइल आधी घेतली असेल तर नवी नोंद न करता जुनीच पोच परत द्यायची.

याआधी आम्ही नाव आणि आकार जुळवून दुहेरी नोंदी पकडायचा प्रयत्न केला होता. तो मराठी नावांवरच आपटला. 'दुसऱ्या तिमाहीचा अहवाल' या नावाच्या दोन फाइली डोळ्यांना तंतोतंत सारख्या, सर्व्हरला मात्र वेगळ्या. कारण 'ऱ' हे अक्षर युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिता येतं: एकच चिन्ह म्हणून, किंवा 'र' आणि त्याखाली नुक्ता अशी दोन चिन्हं म्हणून. मॅकच्या जुन्या एचएफएस प्लस डिस्कवरून आलेल्या नावात ते सुटं झालेलं होतं. शिवाय लिनक्सच्या बहुतेक फाइलप्रणालींत नावाला २५५ बाइटांची मर्यादा असते आणि यूटीएफ-८मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं. काना-मात्राही स्वतंत्र धरल्या जातात, म्हणजे ८५ चिन्हांत नाव संपलं. सरकारी थाटाचा विषय फाइलच्या नावात लिहिणाऱ्यांना हे पुरत नाही. तेव्हापासून फाइल डिस्कवर ओळख-क्रमांकाने ठेवायची आणि नाव फक्त डेटाबेसमध्ये. क्लायंटने पाठवलेल्या नावाने डिस्कवर फाइल तयार करणं सुरक्षेच्या दृष्टीनेही वाईटच. नावात दोन टिंबं आणि तिरकी रेघ घालून कुणी भलत्या फोल्डरमध्ये घुसू शकतो.

तुकडे

मोठी फाइल एका दमात पाठवायची नाही, हे ठरलं. २ एमबीचे तुकडे केले. मंद शाखेतही एक तुकडा ४ सेकंदांत जातो, एएसपी डॉट नेटच्या मूळ ४०९६ केबीत बसतो, आणि इंजिनएक्सची मर्यादा त्या एकाच पत्त्यापुरती ३ एमबी केली की पुरतं. बाकी सगळ्या मर्यादा आम्ही पुन्हा मूळ जागी नेल्या, त्या ५० जीबीसकट. पहिल्या विनंतीत ओळख, एकूण आकार आणि संपूर्ण फाइलचा एसएचए-२५६ ठसा, म्हणजे फाइलच्या बाइटांवरून काढलेला, त्यात जरा बदल झाला की बदलणारा आकडा. मग एकेक तुकडा, 'इतक्या बाइटांपासून पुढे' असं सांगून. जोडणी तुटली तर क्लायंट अंदाज करत नाही. 'तुझ्याकडे किती आलंय?' असं विचारतो आणि तिथून पुढे चालू करतो. शेवटचा तुकडा आल्यावर सर्व्हर ठसा स्वतः काढून ताडून बघतो, तात्पुरत्या नावाची फाइल कायमच्या नावावर नेतो आणि मग पोच देतो. व्हायरस तपासणी आणि पानं मोजणं त्यानंतर मागच्या रांगेत.

हे सगळं आम्ही स्वतः लिहिलं. तीन आठवडे गेले. नंतर लक्षात आलं की 'टस' नावाचा खुला प्रोटोकॉल जवळजवळ हेच करतो: 'हेड' विनंतीने कुठपर्यंत आलं ते विचारायचं, 'पॅच'ने पुढचा भाग द्यायचा, जागा जुळली नाही तर ४०९. आज कुणी विचारलं तर मी तोच घ्यायला सांगेन.

अर्धे कागद

ठसे जुळायला लागले, नोंदी एकेकच व्हायला लागल्या, आणि तरीही काही पीडीएफ उघडेनात. आकार शून्य नव्हता. ठसा जुळत होता. प्रवासात काही हरवलं नव्हतं.

दोष निघण्याच्या जागीच होता. विंडोजमध्ये फोल्डरवर नजर ठेवणारा घटक 'नवी फाइल आली' ही वर्दी फाइल तयार होताक्षणी देतो, लिहून पूर्ण झाल्यावर नव्हे. चाळीस पानांचा कागद स्कॅनर अजून लिहीतच असतो. आमच्या प्रोग्रॅमच्या अगदी पहिल्या आवृत्तीत अशा वेळी 'फाइल वापरात आहे' अशी चूक यायची. ती चूक म्हणजे खरं तर रखवालदार होता. कुणीतरी, आणि तो मीच होतो, फाइल उघडताना 'दुसरा लिहीत असला तरी चालेल' अशी परवानगी घालून ती चूक गप्प केली होती. कोडमध्ये शेजारी टिपणही होतं: 'त्रासदायक चूक काढली.' तेव्हापासून क्लायंट जेवढं लिहून झालंय तेवढं उचलायचा, त्याचाच ठसा काढायचा, आणि अर्ध्या फाइलचा ठसा अर्ध्या फाइलशी अर्थातच जुळायचा. पीडीएफच्या आतली अनुक्रमणिका कुठे आहे याचा पत्ता फाइलच्या शेवटी असतो, त्यामुळे शेपूट तुटलेली पीडीएफ बहुतेक वेळा नीट उघडत नाही.

परवानगी काढली. आता फाइल एकट्याने, इतर कुणाला वाटा न देता उघडता आली आणि काही सेकंदांच्या अंतराने दोनदा मोजलेला आकार तोच राहिला, तरच ती रांगेत जाते. वर्दीवरही पूर्ण भरवसा नाही; तिचा साठा मूळ मांडणीत ८ केबीचा, एकदम खूप फाइली आल्या की तो भरून वाहतो आणि वर्दी हरवतात. म्हणून दर काही मिनिटांनी फोल्डर सरळ चाळायचा.

यादीत आता तीन खुणा आहेत: पाठवतोय, पोचली, तपासली. मूळ फाइल पुसण्याची ३० दिवसांची गणती तिसऱ्या खुणेपासून सुरू होते. शाखांना ते संथ वाटतं, कारण तिसरी खूण कधीकधी दहा मिनिटांनी येते.

राहिला प्रश्न जुन्या हिरव्या खुणांचा. त्यातल्या ज्यांच्या मूळ फाइली शाखेत शिल्लक होत्या त्या नव्या क्लायंटने पुन्हा पाठवल्या. बाकीच्यांना ३० दिवस उलटून गेले होते. वर फाइल नाही, खाली फाइल पुसलेली. त्यांची नावं, तारखा आणि शाखा अशी यादी काढून आम्ही शाखांना दिली. कागदाची मूळ प्रत ज्यांच्या कपाटात होती त्यांनी ती काढून पुन्हा स्कॅन केली. यादी अजून रिकामी झालेली नाही.